पिवळ्या पत्रकातला आकडा

चांगल्या कामासाठी म्हणून तुम्ही कधी घरातल्या माणसाला दिलेला शब्द मोडला आहे का? आणि मोडताना अपराधी वाटण्याऐवजी तुमची छाती फुगून आली आहे का? माझं तसं झालं. ते लिहायला मला आठ महिने लागले. एरवी चार पानं मी अर्ध्या तासात लिहून मोकळा होतो.

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. पप्पा पिंपरीत एका गाड्यांच्या कंपनीत कामाला होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. गुलाबी, पोपटी, पिवळी, बोटांना रंग लागणारी. मी अक्षरं जुळवायला शिकलो ती त्यांच्यावरच. 'कमळ' वाचता येण्याआधी मला 'एकजूट' वाचता येत होतं, असं आई अजून सांगते. पत्रक लिहायचे पप्पांचे नियम ठरलेले होते. मथळा असा हवा की सायकलवरून जाणाऱ्याला न थांबता वाचता यावा. एका कागदात एकच गोष्ट. आणि 'कदाचित', 'बहुधा', 'असे दिसते' हे शब्द प्रेसमध्ये जायच्या आधी खोडून टाकायचे. "माणूस शिफ्ट करून दमून बाहेर येतो," पप्पा म्हणायचे. "त्याच्या हातात तू तुझी शंका ठेवणार? ती घेऊन तो काय करील?" मला हे इतकं पटलं होतं की शाळेच्या निबंधातसुद्धा मी शंका घेतली नाही.

ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिनंही ती पत्रकं हाताळली, पण ती उलटी करून पाठच्या कोऱ्या बाजूवर गणितं सोडवायची. आज ती दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठात भौतिकशास्त्रात पीएचडी करते. मी एका छोट्या मासिकात लिहितो आणि दर गुरुवारी, एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, चाकणजवळच्या कुरुळीत कंत्राटी कामगारांचा अभ्यासवर्ग घेतो. खोल्यांच्या एका इमारतीच्या गच्चीवर, पत्र्याखाली, वीसपंचवीस जण जमतात.

गेल्या एप्रिलमध्ये आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून ताई महिनाभर घरी आली. जेवणाच्या टेबलावर तिचा लॅपटॉप कायमचा मुक्कामाला आला. संध्याकाळी सात वाजले की तिची मीटिंग सुरू व्हायची. पलीकडे समुद्रापारची माणसं असायची, त्यांच्याकडे सकाळ असायची. मी भाजी निवडत बसायचो आणि कान तिकडे असायचे.

एकदा मीटिंग संपल्यावर मी तिला डिवचलं. "काय गं, कामगारांच्या देशात बसून तू मोजतेस काय? प्रोटॉन कसा फिरतो ते?"

"फिरतो असं म्हणू नकोस. भोवरा नाहीये तो. स्पिन म्हण."

"बरं, स्पिन. त्यानं कुणाचं पोट भरतं?"

"तुझ्या लेखांनी जेवढं भरतं तेवढं," ती म्हणाली, आणि आई काळ्या चष्म्याआडून खो-खो हसली.

मग तिनं नीट सांगितलं. प्रोटॉनला स्पिन असतो, तो किती ते पक्कं माहीत आहे. आधी वाटायचं की प्रोटॉनच्या आतल्या क्वार्कांचे स्पिन एकत्र केले की हिशेब लागेल. मोजलं तर क्वार्कांकडून जेमतेम तिसरा हिस्सा निघाला. मग उरलेला कुठून येतो? क्वार्कांना एकमेकांना बांधून ठेवणारे ग्लुऑन असतात. त्यांच्या स्पिनचा त्यात वाटा किती, हे ताईचं कोडं.

"पण ग्लुऑन बघणार कसा?" मी विचारलं.

"तू चाकणला कंपनीच्या गेटवर उभा राहतोस ना? आत सोडतात का तुला?"

"सोडतील कशाला?"

"मग आत कुठली लाइन चालू आहे हे तुला कशावरून कळतं?"

"बाहेर पडणाऱ्या ट्रकांवरून."

"झालं तर. दोन प्रोटॉन एकमेकांवर आदळले आणि त्यातून चार्म नावाच्या जड क्वार्कांची जोडी बाहेर पडली, तर बहुतेक वेळा ती ग्लुऑनवर ग्लुऑन आदळूनच झालेली असते. जड क्वार्क म्हणजे ग्लुऑनच्या लाइनवरून सुटलेला ट्रक. मी ते ट्रक मोजते. एकदा दोन्ही प्रोटॉनचे स्पिन सारखे लावलेले असताना, एकदा उलटे लावलेले असताना. दोन्ही मोजण्यांत फरक पडला, तर ग्लुऑनच्या स्पिनबद्दल काहीतरी कळतं."

"पडला का फरक?"

मग तिनं आकडा सांगितला. शून्याच्या थोडासाच वर. आणि त्याच्या पुढे लगेच प्लस-मायनस लावून दुसरा आकडा, पहिल्यापेक्षा मोठा.

"म्हणजे फरक आहे की नाही?"

"एवढ्या मोजणीवरून सांगता येत नाही. फरक फार मोठा नाही, एवढंच म्हणता येतं."

"चार वर्षं घालवून?"

"हो," ती म्हणाली. तिच्या आवाजात खंत नव्हती. मग तिनं लॅपटॉप मिटला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हे बाहेर बोलू नकोस हं. आमच्या गटात शेकडो माणसं आहेत. सगळ्यांनी तपासून पास केल्याशिवाय आकडा कुठंच दाखवायचा नाही, असा नियम आहे. जूनमध्ये परिषद आहे, तिथं पहिल्यांदा मी मांडणार आहे. तोपर्यंत हा घरातला आकडा."

"शब्द दिला," मी म्हणालो. अगदी हे दोन शब्द.

दोन दिवसांनी मीच तिला गळ घातली की कुरुळीच्या वर्गात येऊन बोल. ती लगेच तयार झाली. निकालाबद्दल नाही बोलणार, फक्त मोजतात कसं ते सांगीन, म्हणाली. मी म्हटलं, चालेल. आणि पत्रक लिहायला बसलो.

मला गच्ची भरायची होती. 'प्रोटॉनचे अंतरंग, एक व्याख्यान' असं छापलं तर कोण येणार? सुट्टीचा एक दिवस मिळतो, त्यात माणूस कपडे धुतो, गावाकडे फोन करतो, झोपतो. त्याला गच्चीवर आणायचं तर मथळा हवा. मी लिहिलं, 'कामगाराच्या मुलीने पकडली प्रोटॉनची चोरी!' त्याखाली, 'ग्लुऑनचा हात सिद्ध.' आणि त्याखाली आकडा. ठसठशीत, एकटा. प्लस-मायनस मी काढून टाकला. विसरलो नव्हतो, काढला. तो लिहिला की मथळा पडतो, हे मला दिसत होतं. दिलेला शब्द आठवला नाही असंही नाही. आठवला, आणि मी स्वतःला सांगितलं की ज्ञान लोकांचं असतं, शेकडो तज्ज्ञांच्या परवानगीची वाट कामगारांनी का बघावी? इतकं सुंदर कारण हाताशी असल्यावर लाज कशाला वाटेल.

प्रूफ घरी आणलं. ताई आईची औषधं आणायला गेली होती. पप्पांनी वाचलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "जोरदार झालंय."

आईनं कागद मागून घेतला. ती चाकणजवळ गाड्यांचे भाग पुरवणाऱ्या एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे, गिअरच्या पिना तपासते. चांगल्या डोळ्याजवळ कागद धरून तिनं सावकाश वाचलं.

"प्लस-मायनस कुठंय रे?"

"आई, हे पत्रक आहे. ड्रॉइंग नाही."

"ते कळलं मला. पण ताई तर त्या दिवशी प्लस-मायनस सांगत होती. आमच्याकडे बिनप्लस-मायनसचं माप आलं तर मी हात लावत नाही. परत पाठवते."

"तुमच्या पिनेचं वेगळं," मी हसून म्हणालो आणि कागद तिच्या हातातून काढून घेतला. नुकतंच ऑपरेशन झालेल्या बाईच्या हातातून. "आणि ताईला सांगू नकोस. सरप्राइज आहे." तिनं माझ्यावर विश्वास ठेवला आणि नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पाचशे पिवळे कागद छापून आले. कुरुळीच्या फाट्यावर, बसस्टॉपवर, खाणावळींत मी ते स्वतः वाटले. कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला. मला आनंद झाला.

गुरुवारी पाच वाजता गच्चीवर साठ माणसं होती. ताई माझ्या मागे गाडीवर बसून आली. जिना चढताना तिच्या पुढे एक जण पिवळ्या कागदानं वारा घेत चालला होता. वर गेल्यावर तिनं तो कागद मागितला, वाचला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, गर्दीनं भारावली.

ती बोलायला उभी राहिली. "नमस्कार. सुरुवातीलाच एक सांगते. या पिवळ्या कागदावर जे छापलंय, ते मी म्हटलेलं नाही."

लातूरकडचा एक फिटर माझ्या वर्गाला पहिल्या दिवसापासून येतो, तो म्हणाला, "मंग खोटं हाय का, मॅडम?"

"खोटं नाही. खरंही नाही. अजून माहीत नाही."

"माहीत नाय तर भावानं छापलं कशाला?"

साठ माणसांनी माझ्याकडे बघितलं. त्या वेळी एक वाक्य पुरलं असतं: मी चुकलो. सहा वर्षं मी या माणसांना मॅनेजमेंटच्या थापा ओळखायला शिकवत होतो. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "प्रेसवाल्याकडून गडबड झाली. पुढचं काहीतरी गळालं."

"प्रेसवाला निम्मा आकडा खातो व्हय?" मागून इमारतीचे मालक म्हणाले आणि हशा पिकला. फिटर हसला नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग ताईकडे, आणि म्हणाला, "बोला मॅडम तुमी. गळालेलं तुमीच सांगा."

ताई पुढे तासभर बोलली. आकडा तिनं उच्चारला नाही, पण प्लस-मायनस म्हणजे काय ते समजावायला लागली आणि तिसऱ्याच वाक्याला थांबली, कारण सगळे माना डोलवत होते. मापाची व्हर्नियर रोज हातात धरणारी माणसं ती. एका सीएनसी ऑपरेटरनं विचारलं, "आमचा प्लस-मायनस म्हणजे कंपनीनं दिलेली सूट. तुमची सूट कोण देतं?" ताईचा चेहरा उजळला. म्हणाली, "आम्हाला सूट कुणी देत नाही. आमचा प्लस-मायनस म्हणजे आम्हाला किती माहीत नाही त्याचं माप." "मग ते कमी कसं करायचं?" "अजून टकरी मोजून. पण माझ्या टकरी केव्हाच होऊन गेल्यात. आता साठवलेल्या नोंदींतून जेवढं निघेल तेवढंच." फिटर म्हणाला, "म्हणजे जॉब संपला, आता फक्त इन्स्पेक्शन." सगळे हसले, ताईसुद्धा. मी मात्र जिन्याजवळ उभा राहून पाहत होतो की ज्यांच्यासाठी मी आकडा सोपा केला, त्यांना तो सोपा करून नकोच होता.

घरी येऊन दार लावल्यावर ताई म्हणाली, "फोटो कुठं कुठं गेलाय?"

मी ग्रुपची नावं सांगितली. एक ग्रुप इंजिनिअरिंग कॉलेजच्या शिक्षकांचा होता.

"आमच्या गटात मराठी वाचणारे तिघे आहेत," ती म्हणाली. "आज ना उद्या पोचेल."

मी वाद घालायला लागलो. आता लिहितानाही कान गरम होतात. मी म्हणालो, विज्ञान लोकांच्या पैशावर चालतं, मग लोकांपासून लपवायचं काय? बंद खोलीत ठरवणारे तुम्ही कोण?

"लपवतंय कोण? तपासतोय आम्ही. आई तपासते तसं. पीस पास व्हायच्या आधी गाडीत बसवतात का?" मग ती खाली बसली. "आणि तू लोकांचं नाव घेऊ नकोस. तुला वाटतं त्यांना फक्त हो किंवा नाही कळतं. शंका आपल्यासाठी, मथळा त्यांच्यासाठी. मालकसुद्धा त्यांच्याबद्दल हेच समजतो."

मला आयुष्यात कुणी याहून वाईट काही बोललेलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता तिनं मीटिंगमध्ये स्वतःच सांगितलं. मी स्वयंपाकघरात कणीक मळत उभा होतो. पत्रक तिच्यापर्यंत कुणी आणायची तिनं वाट पाहिली नाही. इंग्रजीत, सावकाश, तिनं सांगितलं की पास न झालेला आकडा बाहेर गेला आहे, चुकीच्या रूपात गेला आहे, आणि तो तिच्या बोलण्यातून गेला आहे. भावानं छापला, असं ती म्हणाली नाही. कुणीतरी विचारलं, कसा गेला? ती म्हणाली, मी घरी बोलले, ती माझी चूक. पीठ लागलेल्या हातांनी बाहेर जाऊन त्या पडद्यासमोर उभं राहावं असं मला वाटलं. मी गेलो नाही.

आठवडाभरानं निर्णय आला. तपासणी नव्यानं सुरू होईल, आणि ती संपली की निकाल दुसरा विद्यार्थी मांडेल. जूनच्या परिषदेतलं तिचं भाषण रद्द झालं. काम तिच्याकडेच राहिलं, उभं राहून ते सांगायचं मात्र तिच्याकडून गेलं. त्या परिषदेनंतर पुढच्या नोकरीसाठी दोन ठिकाणची माणसं तिला भेटणार होती. ती भेटली नाहीत.

पप्पांनी हे ऐकलं तेव्हा पेपर खाली ठेवला. "मला दाखवलं होतंस," ते म्हणाले. "मी शाबासकी दिली. मला बी धर यात." मला वाटलं होतं ते माझ्यावर ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

प्रेसवाल्या काकांकडे मी दहा दिवस फिरकलो नाही. गेलो तेव्हा त्यांच्यापर्यंत सगळं पोचलं होतं, कुरुळी काही लांब नाही. मी माफी मागितली. ते मशीन पुसत होते, पुसतच राहिले. "माझ्याकडून चुकलं असतं, तर मी पाचशे कागद फुकट परत छापून दिले असते. तेवीस वर्षं तसंच करतो. तुमच्या पप्पांना विचारा." मग म्हणाले, "आता काय छापायचंय?"

"दुरुस्ती."

"पत्रकाची दुरुस्ती?" त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. "अशी कुणी छापून घेतलेली नाय अजून."

मी छापून घेतली. त्यात लिहिलं की आकडा मी विश्वासघातानं छापला, अर्धा छापला, आणि प्रेसवर ढकललं ते खोटं होतं. पुढच्या गुरुवारी त्याच फाट्यावर वाटलं. बऱ्याच जणांनी न वाचता खिशात घातलं. फिटरनं तिथंच उभं राहून शेवटपर्यंत वाचलं. "आता बरोबर हाय," तो म्हणाला, आणि वर्गाला आला. पण त्या दिवसापासून मी काहीही सांगितलं की तो विचारतो, "हे पास झालेलं हाय का, भाऊ?" सगळे हसतात. मीही हसतो.

ताई मे महिन्यात परत गेली. फोनवर बोलते, चेष्टाही करते. कामाबद्दल मात्र आता मला काही सांगत नाही, मीही विचारत नाही. हा लेख मी तिला आधी पाठवला. तिनं दोन ठिकाणी खुणा केल्या, एक ग्लुऑनच्या वाक्यात, एक क्वार्कांच्या. माझ्याबद्दलच्या एकाही वाक्याला तिनं हात लावला नाही, आणि 'छाप' एवढंच लिहिलं. तपासणी अजून चालू आहे. म्हणून आकडा इथंही लिहिलेला नाही.

दुरुस्तीचा फोटो कुणी काढला नाही. पिवळ्या पत्रकाचा अजून फिरतोय. मागच्याच महिन्यात तो मला नाशिकहून आला, वर लिहिलं होतं, 'अभिमान वाटतो'. तुमच्याही ग्रुपवर तो येईल. माझी विनंती आहे, तो पुढे पाठवू नका, आणि गप्पही बसू नका. ज्यानं पाठवला त्याला तिथंच, सगळ्यांच्या समोर, एवढं लिहा: हा आकडा तपासून व्हायचा आहे, ज्या बाईनं तो मोजला तिनं असं काही सिद्ध झाल्याचं कधीच म्हटलेलं नाही, आणि ज्यानं छापला त्यानं स्वतः हे कबूल केलं आहे. मग तो फोटो त्याला काढून टाकायला सांगा.